दुपारी दोनची गोळी

गोपाळकृष्ण किंजवडेकरांचं क्रिएटिनिन दोन पॉइंट नऊ झालं त्या दुपारी सुहासिनीबाईंचा पत्त्यांचा डाव पहिल्यांदाच पूर्ण सुटला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळे पत्ते टणाटण उड्या मारायला लागले, आणि त्याच वेळी दाराखालून एक पाकीट सर्रकन आत आलं. लॅबच्या माणसाने बेल वाजवली नव्हती. वाजवणार कशी? दारावर पाटी होती: ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. आग लागली असल्यास अग्निशामक दलास कळवावे. आम्हाला चार वाजता कळेलच.’

सुहासिनीबाईंनी पाकीट उघडलं, आकडा वाचला आणि पत्त्यांच्या उड्या संपेपर्यंत बघत बसल्या. रिपोर्टचं वाईट वाटायला हवं होतं. डाव सुटल्याचं बरं वाटायला हवं होतं. दोन्हीपैकी काहीच वाटलं नाही. दाढ काढून आल्यावर आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं त्यांना गेला महिनाभर सगळंच वाटत होतं.

आत पलंगावर तीन उशांच्या उतरणीवर गोपाळकृष्ण घोरत होते.

ही झोप साधीसुधी नव्हती. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते टाइम ऑफिसात होते. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहून ठेवायचं काम. त्या एकतीस वर्षांत त्यांनी दुपारी एकदाही पाठ टेकली नव्हती. मग नव्वदनंतर बाहेरच्या कंपन्या देशात आल्या, कारखान्याला आपल्याकडे माणसं जास्त झाल्याचा साक्षात्कार झाला, आणि २००१ साली गोपाळकृष्णांना व्हीआरएस मिळाली. मिळालेले पैसे कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये गेले. झोप तेवढी हातात राहिली, आणि ती ते जिवापाड सांभाळत होते.

सुहासिनीबाईंचं उलटं झालं होतं. कारखाना होता तोवर सकाळी सात ते संध्याकाळी सहा घर त्यांचं होतं. व्हीआरएसनंतर नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून गॅस बारीक कर, मोठा कर, असं सांगायला लागला. कुकरच्या शिट्ट्या मोजून, ‘चौथी जरा अर्धवट झाली’ असा शेरा मारायला लागला. दिवसातले फक्त एक ते चार त्यांच्याकडे उरले. त्या तीन तासांत त्या मुलाच्या, आमोदच्या, जुन्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायच्या. क्रोशाचं कव्हर काढायचं, माउस हातात घ्यायचा, आणि चार वाजेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. बस्स. एवढंच मागणं होतं त्यांचं जगाकडे.

तिथेच दोनची गोळी आडवी आली.

दोन वर्षांपूर्वी गोपाळकृष्णांना हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून हृदयाचा पंप निम्म्यावर चालत होता. यंदा जुलैमध्ये पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा, आणि तो भरायला इतका वेळ लागायचा की रस्त्यावरचे खड्डे त्यापेक्षा लवकर बुजत असतील. हार्टच्या डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, “अंगात पाणी साठतंय. पाणी काढायची गोळी वाढवू. सकाळी आठला एक, दुपारी दोनला एक. चुकवायची नाही.”

पहिला आठवडा चुकवली नाही. दोनला गोळी दिली की अडीचपासून गोपाळकृष्ण दर पंधरा मिनिटांनी उठायचे. नुसते उठून गेले असते तरी चाललं असतं. पण उठलेला माणूस परत जाताना गप्प थोडाच जातो! बाथरूमचा नळ गळतोय. पंखा कुरकुरतोय. खालच्याने स्कूटर आपल्या जागेत लावली आहे. आणि तू काय हे पोरांसारखं खेळत बसलीयेस? चार वाजेपर्यंत त्यांची झोप नासायची आणि सुहासिनीबाईंची दुपार.

आठव्या दिवशी दोन वाजता ते इतके गाढ झोपले होते की सुहासिनीबाईंनी गोळी हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत टाकली. आज झोपू दे, उद्या देऊ. उद्याही तेच झालं. परवा तर त्यांनी डबी आधीच उघडून ठेवली. सकाळची जातेच आहे पोटात, एका गोळीने असं काय होणार? फेकून मात्र दिली नाही. औषध फेकायचं, हे काही त्यांच्या हातून होण्यातलं नव्हतं.

आमोद हिंजवडीला एका अमेरिकन बँकेचं काम करायचा. रात्री जागायचा, दिवसा झोपायचा आणि मधल्या वेळात वडिलांची तब्येत एक्सेलमध्ये सांभाळायचा. तारीख, वजन, प्यायलेलं पाणी, झालेली लघवी, सकाळची गोळी, दुपारची गोळी. वजन वाढलं की रकाना आपोआप लाल व्हायचा. भरायचं काम आईचं. महिन्याभरात अख्खं कोष्टक लालेलाल झालं. हिरवेगार राहिले ते फक्त गोळ्यांचे दोन रकाने.

“आई, इनपुट परफेक्ट आहे,” आमोद डोळे चोळत म्हणायचा. “तरी आउटपुट येत नाहीये. म्हणजे प्रॉब्लेम सिस्टिममध्ये आहे.”

“सिस्टिम आत झोपलीये,” सुहासिनीबाई म्हणायच्या. “हळू बोल.”

आता रिपोर्ट आल्यावर सल्ला द्यायला आप्पासाहेब आले. चार वाजून एक मिनिटाने. आप्पासाहेब खालच्या मजल्यावर राहायचे आणि सोसायटीत कुणाला शिंकही आली तर तिची चौकशी करायचे. रोज सकाळी नऊ ते साडेदहा ते आणि गोपाळकृष्ण बागेतल्या बाकावर बसून देश चालवायचे. बाक चौघांचा, बसणारे सहा. उठला त्याची जागा गेली, हा तिथला कायदा.

“दोन पॉइंट नऊ!” आप्पासाहेबांनी रिपोर्ट लांब धरून वाचला. “वहिनी, हे क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनीने तो बाहेर टाकायचा असतो. एकच्या आसपास पाहिजे. एवढं वाढलं म्हणजे किडनी सुकली. त्या पाणी काढायच्या गोळ्यांनीच सुकवली असणार. माझं ऐका, भरपूर पाणी पाजा. बार्लीचं. मी स्वतः घेतो.”

“तुम्ही स्वतः किती वाळलात, आप्पासाहेब,” सुहासिनीबाई म्हणाल्या. खरंच, गेल्या महिन्यात त्यांची गालफडं बसली होती.

“विचारू नका. पोटऱ्यांत गोळे येतात. आणि सकाळी बाकावर धड अर्धा तास बसवत नाही, सारखं जाऊन यावं लागतं. साखर तपासली, नॉर्मल! जागा मात्र रोज जाते माझी.”

गोपाळकृष्णांनी नुसता चष्मा पुसला.

चार दिवस बार्लीचं पाणी झालं. वजन दोन किलो वाढलं, धाप वाढली, पायांत चपला शिरेनात. डॉक्टर प्रियदर्शनींनी किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि फोनवर आमोदला सांगितलं, “गोळ्या पूर्ण घेऊनही ऐकत नसेल, तर डायलिसिसच्या मशीनची वेळ येऊ शकते. मनाची तयारी ठेवा.”

मनाची तयारी कशी करतात, हे सुहासिनीबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी पर्सची केली. रिपोर्ट, चष्मा, रुमाल, आणि हळदीकुंकवाची डबी. डबी अशासाठी, की आमोद जुने कागद शोधायला सगळी कपाटं उपसत होता.

किडनीचे डॉक्टर शंभू मूळचे यवतमाळचे. वीस वर्षं पुण्यात काढूनही घाईत आले की बोलणं गावी जायचं. शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीत चौघं शिरले. गोपाळकृष्ण आमोदच्या आधाराने, सुहासिनीबाई पर्स पोटाशी धरून, आणि आप्पासाहेब कुणी बोलावलं नसताना.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. मग पाठ टेकायला सांगून मान वळवायला लावली आणि मानेकडे बघत राहिले.

“काका, ही शीर बघा. कानापर्यंत फुगून राहिली.”

“डॉक्टर,” आप्पासाहेब पुढे सरकले, “किडनी सुकलीये ना? मी बार्लीचं पाणी सुरू केलंय.”

“तुम्ही कोण?”

“शेजारी.”

“मग शेजारच्या खुर्चीवर बसा.” डॉक्टर आमोदकडे वळले. “लग्नाची पंगत पाहिली ना? समजा जेवलेले लोक उठूनच नाही राहिले. हात वाळले, गप्पा चालू. दारात पुढची पंगत उभी. आता आचाऱ्याला शिव्या देऊन काय फायदा? स्वयंपाक तयार आहे, पण बसवणार कुठं? तसं झालं यांचं. हृदय थकलं, परत आलेलं रक्त ते उचलत नाही. मग ते मागे शिरांमध्ये तुंबतं. किडनीतून रक्त ज्या शिरेनं बाहेर पडतं, तीपण भरलेली. जुनं निघत नाही, तर नवीन आत येणार कसं आणि गाळलं जाणार कसं? आतल्या आत दाब वाढून किडनी मार खाऊन राहिली. सुकली नाही ती. बुडून राहिली. आणि तुम्ही वरून बार्ली ओतता!”

आप्पासाहेबांनी खुर्ची हातभर मागे घेतली.

आमोदने एक्सेलचा कागद पुढे केला. त्याने तो प्लॅस्टिकमध्ये घालून आणला होता. डॉक्टरांनी वरून खाली, खालून वर वाचला.

“सहा आठवडे. दोन्ही वेळच्या गोळ्या. एक दिवस खंड नाही?”

“आईने स्वतः भरलंय,” आमोद म्हणाला.

“असा पेशंट मी अजून पाहिला नाही.” डॉक्टरांनी सुहासिनीबाईंकडे आदराने बघितलं. ते बघणं त्यांना गालावर बसल्यासारखं व्हायला हवं होतं, पण गाल बधिरच होता. “मग तर काही राहिलंच नाही, काकू. एवढा डोस जाऊनही पाणी निघत नाही, म्हणजे गोळीच्या हाताबाहेर गेलं. सोमवारी भरती करा. मानेत नळी टाकू, मशीननं पाणी काढू. पुढं मशीन सुटेल का, ते आज नाही सांगता येत. नाही सुटलं तर आठवड्यातून तीनदा यावं लागेल.” त्यांनी दाराकडे मान वळवून विचारलं, “चंपाताई, कोणती बॅच रिकामी आहे?”

“दुपारची,” बाहेरच्या टेबलावरून नर्स चंपाताई म्हणाल्या. “एक ते पाच.”

एक ते पाच. आठवड्यातून तीनदा. सुहासिनीबाईंच्या डोक्यात आपोआप हिशेब झाला: सोमवार, बुधवार, शुक्रवार, झोपलेला आमोद सोडला तर घर रिकामं. नेऊन सोडायचं, घरी यायचं, पाच वाजता आणायला जायचं. ना पंखा कुरकुरतोय, ना नळ गळतोय. एक तास जास्तच.

हिशेब संपला आणि तो आपणच केला, हे त्यांच्या लक्षात आलं. समोर गोपाळकृष्ण गळ्यापाशी हात नेऊन, नळी नक्की कुठे टाकतील ते चाचपून बघत होते. शर्टाचं वरचं बटण त्यांना लागत नव्हतं, म्हणून सकाळी सुहासिनीबाईंनीच ते उघडं ठेवलं होतं.

“दुपारची गोळी मी देत नव्हते,” त्या म्हणाल्या.

“काय?” आमोद म्हणाला.

“पहिला आठवडा दिली. नंतर नाही.”

“काहून?” डॉक्टरांचं यवतमाळ एकदम वर आलं.

“ते झोपलेले असतात.” एवढं कारण पुरणार नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. “आणि ते झोपले की मी पत्ते खेळते.”

त्यांनी पर्समधून डबी काढून टेबलावर पालथी केली. पस्तीस गोळ्या घरंगळल्या. कुंकवाने लाल झालेल्या. दोन पेपरवेटला अडल्या, एक टेबलाखाली गेली. ती कुणी उचलली नाही.

“पण आई, शीटमध्ये तर टिक—”

“टिक करायला जागा होती. केली.”

कुणीतरी आपल्याला काहीतरी लागेलसं बोलेल, याची सुहासिनीबाई वाट बघत होत्या. बोललं असतं तर बरं झालं असतं.

गोपाळकृष्णांनी घसा खाकरला. “तिला एकटीला धरू नका. सकाळची मी घेत नव्हतो.”

आता डॉक्टरांनी चष्मा काढला.

“नऊला बाकावर बसायचं असतं,” गोपाळकृष्ण टाइम ऑफिसातल्या आवाजात सांगू लागले. “आठला ती गोळी घेतली की साडेनऊला उठावं लागतं. उठलं की आप्पा टेकतो. पहिला आठवडा रोज उभं राहून चर्चा केली मी. सुजलेल्या पायांवर.”

“मग त्या गोळ्यांचं काय केलं, बाबा?”

“फेकायच्या कशा? औषध आहे.” त्यांनी आप्पासाहेबांकडे बघायचं टाळलं. “खिशातून काढताना आप्पाने बघितली. कसली रे, म्हणाला. मी म्हटलं ताकदीची आहे. आमोदच्या ऑफिसातल्याने अमेरिकेहून आणलीये.”

“गोपाळा!” आप्पासाहेब उभेच राहिले.

“तूच म्हणालास, फुकट असेल तर बघू एक.”

“एक! तू पाच आठवडे रोज दिलीस मला!”

“तू रोज मागितलीस.”

“म्हणजे मी जे सारखं... आणि ते पोटऱ्यांत गोळे...”

“मग! आणि जागा मला मिळायची.” एवढं बोलून गोपाळकृष्णांना धाप लागली, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

डॉक्टर शंभूंनी प्लॅस्टिकमधला कागद पुन्हा उचलला आणि गोळ्यांच्या हिरव्यागार रकान्यांवरून बोट फिरवलं. “म्हणजे पाच आठवडे या माणसाच्या पोटात पाणी काढायची एकही गोळी गेली नाही. अन् मी सोमवारी याच्या मानेत नळी घालून राहिलो होतो.” त्यांनी सोमवारच्या भरतीची चिठ्ठी फाडली. “मशीन नाही. आजच भरती करा, शिरेतून औषध देतो. गोळी हरली कुठं? ती मैदानात उतरलीच नव्हती, बाप्पा! अन् शेजारी, तुमचं रक्त तपासा. क्षार पार उतरले असतील. बाहेर चिठ्ठी घ्या.”

“घेतो,” आप्पासाहेब म्हणाले. “आधी जरा जाऊन येतो.”

शिरेतल्या औषधाने पहिल्याच रात्री तीन लिटर लघवी झाली. सहा दिवसांत नऊ किलो पाणी उतरलं. मानेतली शीर खाली बसली, पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले, आणि क्रिएटिनिन दोन पॉइंट नऊवरून दोन पॉइंट दोन, मग एक पॉइंट आठवर आलं. आणि तिथेच बसलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघितलं तरी एक पॉइंट आठच.

“एवढंच का?” सुहासिनीबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

“बुडता बुडता जेवढी वाचली तेवढी वाचली, काकू. उरलेली आता येत नाही. आहे ती सांभाळा.”

घरी कुणी त्यांना बोललं नाही. आमोदने आवाज चढवला नाही. त्याने एक्सेलमध्ये एक नवा रकाना घातला: साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणून आप्पासाहेबांची नेमणूक झाली. ते आता गोपाळकृष्णांकडून कुठलीही वस्तू घेत नसत, त्यामुळे त्यांच्याइतका विश्वासू माणूस सोसायटीत दुसरा नव्हता. दारावरच्या पाटीखाली गोपाळकृष्णांनी आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली: ‘अपवाद: आप्पासाहेब, दोन वाजता. एकदाच वाजवावी.’

आप्पासाहेब दोनला यायचे, गोळी जिभेवर ठेवलेली बघायचे, जीभ उचलून दाखवायला लावायचे, सही करायचे, आणि सकाळी बाकावरची जागा आपण कशी परत मिळवली, हे सांगून जायचे. मग अडीच वाजल्यापासून सुरू. दर पंधरा मिनिटांनी पलंग करकरायचा, चपला फरफटत जायच्या, परत यायच्या आणि खुर्चीमागे थांबायच्या.

“अगं, किलवरची सत्ती बदामच्या अठ्ठीवर ठेव.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर ठेवत का नाहीस?”

चपला निघून जायच्या. एक पॉइंट आठमधला किती भाग आपला आणि किती त्या बाकाचा, याचा विचार सुहासिनीबाई कधी कधी करायच्या. पण तो विचारसुद्धा लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू यायचा.

एका दुपारी अडीच वाजले, पावणेतीन झाले, तीन वाजून गेले, आणि पलंग करकरला नाही. सुहासिनीबाईंच्या हातात सत्ती तशीच अधांतरी राहिली. इस्पितळातून आल्यापासून चार महिन्यांत एवढी शांतता त्या घरात झाली नव्हती. ही खरं तर त्यांची दुपार होती. त्यांनी माउस खाली ठेवला आणि त्या आत गेल्या.

गोपाळकृष्ण जागे होते. तीन उशांवर टेकून पंख्याकडे बघत पडले होते.

“गेलो नाही म्हणून बघायला आलीस?”

“हो.”

“येतीये, थांब जरा. घाई करू नकोस.”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. दोघंही वाट बघत राहिले. मग गोपाळकृष्ण उठले, चपला शोधल्या आणि गेले.

सुहासिनीबाई परत खुर्चीवर येऊन बसल्या. फ्लशचा आवाज येईपर्यंत त्यांनी माउसला हात लावला नाही. आवाज आला, मग त्यांनी सत्ती अठ्ठीवर ठेवली.